वॉकमन कपाटात होता

भूत, करणी, मूठ, अंगात येणं — यातलं मी काहीही मानत नाही. उमेदीत मानलं नाही, आता ऐंशीला टेकलोय तरी मानत नाही. या सदराचा मी वाचकही नाही. माझ्या मुलीच्या मुलीने, ईराने, मागच्या महिन्यात तिच्या फोनवर इथला एक अनुभव वाचून दाखवला म्हणून लिहायला बसलोय. आणि रागाने लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या अनुभवात एक गृहस्थ म्हणतात की लोणावळा स्टेशनलगत रुळांवर संध्याकाळी एक मुलगा दिसतो. गळ्यात हेडफोन. जवळ गेलं की 'सैतानी' गिटार ऐकू येते, आणि ज्याला ती ऐकू आली त्याला गाडीचा आवाज ऐकू येत नाही. खाली प्रतिक्रियांची रांग. 'बापरे, काटा आला!' 'माझ्या मामेभावाच्या मित्रालाही...' 'शनिवारी आम्ही चाललोय, कोण कोण येणार?'

तो मुलगा माझा आहे. मिलिंद त्याचं नाव. तो कुणालाही दिसत नाही. दिसायचाच असता तर मला दिसला असता.

गेल्या पावसाळ्यात एक पोरगा दुकानात आला. काठीला फोन लावलेला, एका हातात आमचीच चिक्की. "आजोबा, तो मेटलवाला मुलगा कुठे मेला, तेवढा स्पॉट दाखवता का? पटकन शूट करून निघतो." मी त्याच्या हातातली चिक्की काढून घेतली आणि म्हटलं, "हा स्पॉट. इथून चालायला लाग." जावई धावत आला. "अण्णा, गिऱ्हाईक आहे!" मग मलाच आत नेऊन बसवलं. माझं डोकं फिरलंय असं घरात सगळ्यांना वाटलं. फिरलं होतंच. पण त्या पोरावर नाही... ते कुणावर, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आमचं दुकान लोणावळ्याच्या बाजारात, स्टेशनच्या बाजूला. पुढे काउंटर, मागे भट्टी, वर दोन खोल्या. तेव्हा आम्ही वरच राहायचो. भट्टीच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की एक पडकी भिंत, आणि भिंतीपलीकडे रूळ.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. घाट चढून आलेली गाडी त्या काळी लोणावळ्याला जरा जास्त थांबायची, कारण मागून रेटायला लावलेलं जादा इंजिन सोडवायचं असायचं. तेवढ्या वेळात प्रवासी खिडकीतून चिक्की घ्यायचे. फलाटावर विकायला परवाना लागतो. तो आमच्याकडे नव्हता. मग आम्ही — मी एकटाच नाही, बाजारातले आणखी दोघं-तिघंही — मागच्या दाराने निघून, मधल्या लाइनी ओलांडून, फलाटाच्या उलट्या बाजूने खिडक्यांखाली जायचो. ट्रे डोक्यावर धरायचा, वरून हात खाली यायचे. तरुणपणी मी गेलो. मिलिंद कॉलेज सोडून दुकानात आल्यावर तो जायला लागला. म्हणजे मी पाठवायला लागलो.

त्याला ते आवडायचं नाही. "अण्णा, पुलावरून जातो ना."

"पुलावरून पोचेपर्यंत गाडी कामशेतला गेलेली असेल."

हा माझा ठरलेला विनोद होता. भट्टीवरचे लोकही हसायचे.

आता त्याच्या गाण्यांबद्दल. थ्रॅश मेटल, हेवी मेटल — हे शब्द मी तेव्हा त्याच्या तोंडूनच ऐकले. भट्टीच्या फळीवर त्याने एक टेपरेकॉर्डर ठेवला होता. चिक्कीचा पाक ओट्यावर ओतला की तो थंड व्हायच्या आत लाटून कापावा लागतो. हात रेंगाळला की चिक्की जाड राहते, मग ती दाताने तुटत नाही. मिलिंदसारखी पातळ चिक्की आमच्याकडे आजवर कुणी लाटलेली नाही, आणि तो लाटायचा त्या ड्रमच्या वेगाने. दोन्ही पायांनी वाजवतात म्हणे ते ड्रम. त्याचं लाटणं त्याच चालीवर धावायचं, मान हलत असायची, केस खांद्यापर्यंत, सगळ्या अंगाला शेंगदाण्याचा वास.

मी ओरडायचो, "काय हे? पत्र्यावर दगड पडतायत की गाणं चाललंय?"

"अण्णा, नुसता ताल ऐका. शब्दांकडे लक्ष नका देऊ."

"शब्द आहेत का त्यात?"

त्याची आई, सुमन, वरून म्हणायची, "असू द्या हो. पोरगं निदान हात तरी चालवतंय."

कॅसेटच्या कव्हरांवर कवट्या, जळणारी शहरं, शिरस्त्राण घातलेले सांगाडे. ते बघून शेजारपाजारचे मान हलवायचे. पण खरं सांगतो, तोवर माझा त्या गाण्यांवर काही विशेष राग नव्हता. कटकट वाटायची, एवढंच. 'सैतानी' हा शब्द मी नंतर आणला. गरजेपुरता.

कॅसेटी त्याला शंकर द्यायचा. शंकर वळवणचा. त्याचे वडील तुंगार्लीला मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर माळी होते. शेठच्या मुलाकडे परदेशातून आलेल्या तबकड्या होत्या, आणि तो वर्षातून चार दिवस यायचा. उरलेले दिवस शंकर त्या तबकड्या पुसायचा आणि गुपचूप कॅसेटवर उतरवायचा, वरचं चित्रही कागदावर काढून कव्हरात घालायचा. एक स्वतःला, एक मिलिंदला. दोघांना इंग्रजी बेताचंच. गाण्यातले शब्द ते डिक्शनरीत शोधत बसायचे, त्यावरून भांडायचे. एक अल्बम आल्याचं दोघांनी कुठेतरी वाचलं होतं आणि कित्येक महिने त्याची वाट पाहत होते. अखेर शेठच्या मुलाने तो आणला.

त्या दुपारी शंकर भट्टीच्या दारात येऊन कॅसेट देऊन गेला. आत आला नाही, मी होतो ना. जाताना म्हणाला, "मिल्या, घाई करू नको. बसून ऐक." कॅसेटच्या दोन्ही बाजूंना त्याने निळ्या पेनाने लिहिलं होतं. एका बाजूला 'ही आधी', दुसरीला 'मग ही'. तरुण वाचकांसाठी सांगतो : कॅसेटची एक बाजू संपली की ती बाहेर काढून हाताने पलटावी लागायची, तेव्हाच दुसरी वाजायची. काही महागड्या यंत्रांत ते आपोआप व्हायचं. मिलिंदचा वॉकमन तसला नव्हता.

मिलिंदने कॅसेट वॉकमनमध्ये घातली, हेडफोन कानाला लावला आणि गुळाच्या पोत्यावर बसला. तेवढ्यात गाडी आली.

"ऊठ," मी म्हटलं. "ट्रे भरलाय."

"अण्णा, आज एक बाजू ऐकू द्या. पुढच्या गाडीला जातो."

"गाडी गेल्यावर ऐक."

"एकच बाजू हो. कधीपासून वाट बघतोय."

भट्टीवरचे दोघं बघत होते. बापाचं पोरगा ऐकत नाही असं दिसलेलं मला चालायचं नाही. मी त्याच्या मांडीवरचा वॉकमन हिसकला. वायर त्यातून निसटली, हेडफोन त्याच्या मानेवरच राहिला. वॉकमनच्या काचेतून मला 'ही आधी' दिसत होतं, आणि टेप नुकतीच सुरू झालेली — जवळजवळ सगळी गुंडाळी डावीकडे. मी बटण दाबून बंद केला. वर गेलो, लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं. किल्ली नेहमीसारखी करदोट्याला बांधली. सुमन वडगावला तिच्या बहिणीकडे गेली होती. वरच्या खोलीचं दारही मी ओढून घेतलं.

खाली आलो तेव्हा मिलिंद ट्रे घेऊन मागच्या दारात उभा होता. चेहरा लाल. "पुलावरून जातो," म्हणाला. मी माझा विनोद केला. या वेळी कुणी हसलं नाही. तो भिंत ओलांडून गेला.

मधल्या लाइनवरून सोडवलेलं इंजिन एकटंच परत येत होतं.

पुढचं लिहीत नाही.

संध्याकाळी त्याच्यावर घालायला पांढरी चादर हवी होती म्हणून मला वर पाठवलं. सुमन अजून वडगावहून यायची होती. दार ओढलेलं होतं तसंच होतं. करदोट्याची किल्ली काढून कपाट उघडलं. चादरींवर वॉकमन होता, मी ठेवला होता तिथेच. काचेतून 'मग ही' दिसत होतं.

मी तो हातात घेतला. बटण वर होतं. टेपची सगळी गुंडाळी उजवीकडे... म्हणजे दुसरी बाजू शेवटपर्यंत वाजलेली. उगाच मसाला लावत नाही. वॉकमन गरम नव्हता, थंडगार नव्हता, खोलीत कसला वास नव्हता, पडदा हलला नाही. एक कॅसेट होती, ती कुणीतरी पलटली होती आणि शेवटापर्यंत ऐकली होती. बस्स.

तुम्ही म्हणाल, घाईत बटण नीट दाबलं गेलं नसेल. मग पहिली बाजू वाजून संपली असती, पण 'ही आधी'च समोर राहिली असती. ती काढून, फिरवून, परत घालायला हात लागतो. म्हणाल, नुसती पलटली तरी गुंडाळी उजवीकडेच दिसते; पण मग आधी वाजलेले चार वेढे डावीकडे उरले असते, तिथे एकही नव्हता. म्हणाल, आधी तुम्हीच चुकीचं वाचलं असेल. ती निळी अक्षरं मला आजही दिसतात. म्हणाल, कुणी चोरून वर गेलं असेल. घरात प्रेत असताना, माझ्या कमरेची किल्ली घेऊन, गाणी ऐकायला?

चादर घेतली, वॉकमन तसाच आत ठेवून कपाट लावलं आणि खाली आलो. खाली हवालदार माहिती लिहून घेत होता. शेजारी सांगत होते, "रोज जायचा हो, रूळ पाठ होते त्याला. गळ्यात ते हेडफोन बघा ना. ऐकूच आलं नसणार." हवालदाराने मला विचारलं, "काका, गाणी ऐकत होता का?"

दोन मिनिटांपूर्वी मी वॉकमन हातात धरला होता. मिलिंदच्या गळ्यातल्या हेडफोनच्या वायरला पुढे काहीच जोडलेलं नव्हतं, आणि हे माहीत असलेला मी एकटाच होतो. भट्टीवरचे दोघं खाली मान घालून उभे होते. मी हिसकल्याचं त्यांनी पाहिलं होतं, पण परत दिला की नाही ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "हो."

एवढंच बोललो असतो तर कदाचित मी आज एवढा चिडलेला नसतो. पण लोक सांत्वनाला यायचे आणि म्हणायचे, "अण्णा, तुमचा काय दोष? त्या गाण्यांनी खाल्लं पोराला." मला ते गोड लागलं. मग मीच बोलायला लागलो. गणपतीत मंडळाच्या मांडवात माईक हातात घेऊन बोललो. पालकहो, सावध व्हा, हे सैतानाचं संगीत आहे, पोरांचे कान बंद करतं. पुढे होळीत मिलिंदच्या सगळ्या कॅसेटी मी स्वतः टाकल्या. गल्लीतल्या आयाबापांनी आपापल्या पोरांच्या आणून टाकल्या. पोरं रडत होती आणि लोक बोंबा मारत होते. प्लॅस्टिकचा काळा धूर माझ्या डोळ्यांत गेला, म्हणून मीही रडलो असं सगळ्यांना वाटलं.

वॉकमनमधली तेवढी मात्र टाकली नाही. ती कपाटात आहे हे कुणाला सांगणार होतो?

कॅसेट कुणी दिली, ही चौकशी व्हायचीच. मी नाव घेतलं. बंगल्याच्या शेठला कळलं, त्याने शंकरच्या वडिलांना काढून टाकलं. शंकरची आई आमच्या दारात आली होती. "अण्णा, माझ्या पोरानं काय इख दिलतं का त्याला? गानीच दिली न्हवं?" मी आतूनच म्हणालो, "जा इथून." ते कुटुंब वळवण सोडून देहूरोडला गेलं.

आता बघा गंमत. माझ्या आयुष्यात एकच गोष्ट अशी घडली की जी कुठल्याही हिशेबात बसत नाही. आणि नेमकी तीच मला कुणालाही सांगता येईना. सांगायची तर वॉकमन कपाटात होता हे सांगावं लागलं असतं. सुमनने एकदा विचारलं होतं, "त्याचा वॉकमन मिळाला का हो?" मी म्हणालो, "चुरा झाला." तिने मानलं. तसंच मानून ती वारली. तुम्ही खोटं भूत रुळांवर शोधता, कारण खरी गोष्ट मी दाबून ठेवली. तो राग तुमच्यावर काढतोय, हे मला कळतं. तरीही काढतोय.

ईराने तो अनुभव वाचून दाखवला त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "अण्णाआजोबा, तो अल्बम कुठला होता?" शंकरने काढलेलं कव्हरवरचं चित्र मी सांगितलं, तिने फोनवर शोधून काढला. मी अख्खा ऐकला. तिच्याकडून अर्थ समजून घेतला. सैतान कुठेच सापडला नाही. युद्धावर चिडलेली गाणी, न्याय विकणाऱ्यांवर चिडलेली, पोरांना न विचारता मरायला पाठवणाऱ्या म्हाताऱ्यांवर चिडलेली. एवढं मी मंडपात उभा राहून जाळायला लावलं होतं! आवाज अजूनही कटकटीचाच वाटतो. पण तो ड्रम सुरू झाला की मला भट्टी दिसते, आणि मी बंद करायला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी लोकलने देहूरोडला गेलो. शंकरचा पत्ता त्याच्या वळवणच्या चुलतभावाकडून काढला होता. शंकर आता पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर केस नाहीत, लष्कराच्या डेपोतल्या नोकरीवर. दारात मला बघून त्याने ओळखलं. "या" म्हणाला नाही.

"काका, तुमी हितं कशापायी आलाव?"

मी पिशवीतून वॉकमन काढून त्याच्या समोर धरला. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हिसकला, कपाटात ठेवला, त्याच्या कानाला त्या वेळी काहीच नव्हतं. मी त्याला त्या बाजूने पाठवलं. मी हो म्हणालो. तुझं नाव मी घेतलं.

तो ऐकता ऐकता खाली बसला. मग एकदम उठला. "माझा बाप मरंस्तवर म्हनत व्हता, तुज्या गान्यानं पोरगं गेलं. मरंस्तवर! मी आजपातुर गानं लावलं न्हाई घरात. पोरांच्या लग्नात बँड वाजला तरी भाईर जाऊन हुबा ऱ्हातो. आन् तुमी आता येताय? आता?"

त्याने माझ्या अंगावर हात टाकला असता तरी चाललं असतं. आतून त्याची बायको आली, त्याने तिला हाताने थांबवलं.

मग मी उरलेलं सांगितलं. संध्याकाळी कपाट उघडलं तेव्हा कॅसेट पलटलेली होती. शेवटपर्यंत गेलेली होती. किल्ली माझ्याकडे होती.

मला वाटलं तो हसेल किंवा हाकलून देईल. त्याने वॉकमन हातात घेतला. सेल केव्हाचे गळून गंजले होते. काचेवरची धूळ त्याने अंगठ्याने पुसली आणि आपलं अक्षर वाचलं.

"दोनी बाजू?" त्याने विचारलं.

"दोन्ही."

"नक्की? अर्ध्यात न्हवती थांबली?"

"शेवटपर्यंत गेली होती."

तो भिंतीला टेकला. "मिल्याला पयली बाजू आवडली न्हाई तर दुसरी लावायचाच न्हाई तो. फेकून द्यायचा माझ्या अंगावं. म्हनायचा, शंक्या, असला कचरा परत आनू नको." त्याचा आवाज फुटला. "मंजी आवडली त्याला. लय आवडली असंल."

इतकी वर्षं मी त्या कॅसेटचा नुसता धसका घेतला होता. कुणी पलटली, कशी पलटली... ती आवडली का, हा प्रश्न मला, त्याच्या बापाला, एकदाही पडला नव्हता.

शंकरने डोळे पुसले आणि मला म्हणाला, "आता जा तुमी. मी माफबिफ करनार न्हाई. पर हे लिवा. माझं नाव घालून लिवा, समद्यांना कळू द्या." वॉकमन त्याने परत दिला नाही. मीही मागितला नाही.

म्हणून लिहिलं. शंकर निर्दोष आहे, त्याचे वडील निर्दोष होते. मिलिंद बहिरा झाला नव्हता, बेफिकीर नव्हता, त्याच्या कानात सैतान नव्हता. तो बापाच्या सांगण्यावरून, डोक्यावर ट्रे घेऊन, मनाविरुद्ध रुळांवर गेला. शनिवारी काठीला फोन बांधून जाणाऱ्यांनी जाऊ नये. तिथे ऐकू येईल ते फक्त इंजिन.

कॅसेट कुणी पलटली याचं उत्तर माझ्याकडे नाही. ईराकडे नाही, शंकरकडे नाही. मी आजही भूत मानत नाही. पण त्याने एकच बाजू मागितली होती आणि मी तीही दिली नव्हती, आणि कुणीतरी त्याला दोन्ही ऐकू दिल्या. ज्याने दिल्या, तो माझ्यापेक्षा बरा होता.